सेकंदाला बारा

कर्बी स्टीफनच्या वरच्या अंगाला, टॅलेंटायरच्या शेडमध्ये
मी शिडीवर.
खाली सात मेंढ्या, दिवस भरलेल्या,
माझ्याकडे बघतायत
जणू उशीर मीच केलाय.

कॅमेरा तुळईला बसला. चार स्क्रू, एक केबल.
खरं काम आता:
पेंढ्याच्या गठ्ठ्यावर लॅपटॉप, बोटं गारठलेली,
आणि विल्फ टॅलेंटायर, वय एक्याऐंशी,
नव्या गुडघ्यावर जपून भार टाकत विचारतोय, झालं?

कुठलं व्हायला.
खोक्यातून निघालेला कॅमेरा समजतो
की तो अजून शेन्झेनमध्येच आहे
आणि तिथे दिवेलागण झालीय.
आधी त्याला सकाळचे अकरा पटवून दिले.
मग रेझोल्यूशन. सगळ्यात मोठं ठेवलं
तर चित्र अडखळलं,
एक मेंढी अर्धी पुढे गेली, अर्धी मागेच राहिली.
डोंगराला वळसा घालून येणारी तांब्याची तार,
तिच्या घशाखाली एवढा मोठा घास उतरत नाही.

स्पष्ट हवं, की सलग हवं?
गिऱ्हाइकाला विचारतात तसं विचारलं.
तो म्हणाला, मेंढ्या काय शर्यतीला उभ्या आहेत?
पाच चित्रं पुरेत सेकंदाला. दोन पुरेत.
मग थांबला.
फक्त, कोकरू पडलं की ते श्वास घेतंय का
एवढं मला अंथरुणातून दिसलं पाहिजे.

मॅन्युअल दोनशे बारा पानांचं.
श्वासाला किती चित्रं लागतात
असा रकाना कुठल्याच मेन्यूत नाही.

मग कालचं एक कोकरू धरून आणलं,
ओठाला अजून चीक लागलेला,
दिव्याखाली ठेवलं.
पाचवर बरगडी म्हणजे दगड.
आठवर शंका.
बारावर हलली.
तो तोंडातल्या तोंडात मोजत होता, शाळेतलं इंग्रजी नव्हे,
यान, टान, टेथेरा,
आणि मला, कुठून कोण जाणे, फलटणचं
विटीदांडूचं मैदान, धूळ,
वकट, लेंड, मूंड, नाल.
दोघांनी आपापल्या बोलीत मोजलं.
श्वास तेवढेच भरले.

बारा ठेवले. रंग काढून टाकले,
रात्री तसाही उपयोग नाही त्यांचा.
जे हलत नाही ते कॅमेरा पुन्हा पुन्हा पाठवत नाही,
मी समजावलं, भिंत तो एकदाच सांगतो.
शहाणा आहे, विल्फ म्हणाला,
माझा भाऊ भिंतच सांगत बसायचा.

शेवटी त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं, नखात माती.
हा कोपरा नको. बाकडं.
कार्लाइलहून हेझलही बघणार ना हे?
बघणार, तुम्हीच तिचं नाव घातलंत.
मग नको. तिथे मी बसतो.

माणूस नुसता बसतो त्याला कोण कशाला हरकत घेईल,
असं तोंडावर आलेलं गिळलं.
माउसने चार कोपरे ओढले.
बाकडं, थर्मास, खुंटीवरचा बायकी रेनकोट
काळ्या चौकोनाखाली गेले.
मागाहून पुसता येतो का तो?
पुसला तरी आधीचं काही सापडणार नाही, मी म्हटलं,
कॅमेऱ्याने ते पाहिलेलंच नसेल.
बरं, म्हणाला, आणि चहा टाकायला गेला.

पासवर्ड त्याचा. त्याने पाठ फिरवून टाकला, मीही पाठ फिरवली.
माझ्याकडे उरली फक्त देखरेखीची रेघ,
किती डेटा येतो-जातो तेवढी.
केंडलला खोलीत, झोप नाही म्हणून उघडली.
बारा वाजता सपाट. एकला सपाट,
मधेच रवंथाच्या बारीक लहरी.
दोन सत्तावन्नला रेघ उठली.

मांजर असेल. वाऱ्याने दार आपटलं असेल.
तीनला एकदम उंच गेली: कुणीतरी दिवा लावला.
मग हळूहळू खाली, पण सपाट नाही,
कसलीशी एक बारीक उचल, पुन्हा, पुन्हा.
मी मोजायला लागले.

चार वाजताही दिवा चालूच होता.
तो परत झोपायला गेला की बाकड्यावर बसला
हे त्या रेघेत कुठेच नव्हतं.